चारशे वेळा ब्रेक

मंडळी, अंकासाठी प्रवासाचं काही लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा माझ्याकडून एखादं तीर्थक्षेत्र अपेक्षित असावं. माझं वय आणि कपाळ बघता ते चुकीचंही नाही. पण 2025 च्या मार्चअखेर मी गेलो होतो मोटारींच्या शर्यतीला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिलला, पुरते तीन दिवस, गळ्यात कॅमेरा आणि कानात बोळे घालून.

जुन्या वाचकांना माझा दांडिया बाजारातला फोटो स्टुडिओ आठवत असेल. बत्तीस वर्षं चालवला. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो हे पोटापाण्याचं काम. मनापासून काढलेले फोटो वेगळे: सुरसागरावरचं गणपती विसर्जन, नरसिंहजींचा वरघोडा, जुम्मादादा व्यायाम मंदिरातला मल्लखांब. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मी शटर ओढलं.

मुलानं स्टुडिओ घ्यावा असं मला वाटायचं, पण तो लहानपणापासून स्कूटर उघडून बसणारा. मेकॅनिकल झाला, अमेरिकेत जाऊन एमएस केलं. तिथवर ठीक होतं. मग एका मोठ्या मोटार कंपनीची नोकरी चालून आली असताना ती नाकारून शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या एका लहानशा संघात शिरला. पदनाम इंजिनिअर, पण काम मुख्यतः ब्रेकचं. मंडळाच्या कोजागिरीला कुणी विचारलं की मी ‘ऑटोमोबाइलमध्ये आहे’ असं सांगून आटवलेल्या दुधाकडे वळायचो. एकदा फोनवर मी त्याला बोलून गेलो, “ब्रेकच बसवायचे होते तर वाडीत गॅरेज टाकून दिलं असतं.” तो गप्प राहिला. त्यानंतर साडेतीन वर्षं आमचं बोलणं हवापाणी आणि माझं ब्लडप्रेशर यापलीकडे गेलं नाही.

त्यामुळे नातीला बघायला गेलो असताना “बाबा, कॅमेरा घेऊन शर्यतीला येता का?” असं त्यानं विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो ते शर्यतीसाठी नव्हे.

मुलगा राहतो नॉर्थ कॅरोलायनात, शार्लट शहराच्या उत्तरेला मूर्सव्हिल गावात. या भागात रेसिंगच्या संघांच्या इतक्या कार्यशाळा आहेत, की आपल्याकडे एकेका पोळात एकेक धंदा असतो तसं वाटतं. संघाचा भलाथोरला ट्रेलर आधीच निघाला होता. शुक्रवारी सकाळी सूनबाईनं मला गाडीत घातलं. सौ. नातीजवळ थांबली. ग्रीन्सबरोनंतर आम्ही 220 क्रमांकाच्या रस्त्यानं उत्तरेला वळलो. रस्त्याच्या कडेनं गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली, पानं न फुटलेली झाडं होती. त्यांना तिकडे रेडबड म्हणतात. आपल्या कांचनाच्याच गोतावळ्यातली. घरचा कुणी भेटावा तसं वाटलं.

आता थोडं या खेळाविषयी, कारण मलाही आधी काही ठाऊक नव्हतं. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विक्रीला असलेली साधी गाडी. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. या डोंगराळ मुलखात हातभट्टीची दारू रात्री पोचवणारे लोक साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं सुधारून पोलिसांना गुंगारा देत. बंदी उठल्यावरही कर चुकवून तो धंदा चालूच राहिला. गुजरातेतल्या माणसाला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको! याच गाड्या आणि हेच चालक पुढं मातीच्या रिंगणात एकमेकांशी पैजा लावू लागले. 1948 मध्ये बिल फ्रान्स यांनी या सगळ्याला शिस्त लावायला ‘नॅसकार’ ही संस्था काढली. आज गाडीचा बाहेरचा आकार तेवढा दुकानातल्या गाडीसारखा; आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि एकच खुर्ची.

मार्टिन्सव्हिलचं रिंगण त्याच्याही आधीचं, 1947 चं. क्ले अर्ल्स नावाच्या स्थानिक गृहस्थांनी ते बांधलं. 1949 च्या पहिल्या हंगामापासून आजवर नॅसकारच्या वेळापत्रकात टिकलेलं हे एकमेव रिंगण. लांबी जेमतेम 0.526 मैल, म्हणजे साधारण साडेआठशे मीटर. आकार कागदाला लावायच्या टाचपिनेसारखा: दोन लांब सरळ रस्ते आणि दोन टोकांना अगदी आवळलेली वळणं. सरळ रस्त्यावर डांबर, वळणांवर काँक्रीट. मागच्या बाजूनं रेल्वेचे रूळ जातात. इतर मोठ्या रिंगणांवर गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात पळतात. इथं तेवढी जागाच नाही. एक फेरी वीस सेकंदांची आणि प्रत्येक फेरीत दोनदा कचकचून ब्रेक. म्हणून याला ब्रेकवाल्यांचं रिंगण म्हणतात. हे मला मुलानं त्या दिवशी सांगितलं. साडेतीन वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी रात्री ट्रक सिरीजची शर्यत होती. ट्रक म्हणजे आपला मालवाहू खटारा नव्हे. सांगाडा शर्यतीचाच, वरचा आकार तेवढा पिकअपचा. मुलाच्या संघाचा एक ट्रक त्यात होता. दुपारी मला पाहुण्यांचा पास मिळाला आणि गाड्या उभ्या करतात तिथं आत जाता आलं.

मी हौसेनं फोटो काढायला लागलो. चकचकीत बॉनेट, रंगीत आकडे, टायरांच्या उतरंडी. आमचा चिरंजीव ट्रकखाली पाठीवर आडवा. नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. “बाबा, इकडे या,” म्हणत त्यानं चाकामागची लोखंडी तबकडी दाखवली. “ही डिस्क. दोनशे फेऱ्या, फेरीला दोनदा ब्रेक, म्हणजे हिशोबानं चारशे वेळा. पिवळा झेंडा लागला तर तेवढ्या फेऱ्या हळू जातात, तेवढाच हिला श्वास. बाकी तापतच राहते.” समोरच्या जाळीतून नळ्यांनी वारा थेट डिस्कपर्यंत आणलेला होता. त्यातही हिशोब: वारा कमी पडला तर ब्रेक जातात, जास्त घेतला तर गाडीचा वेग मरतो. किती वारा घ्यायचा हे ठरवणाऱ्यांत हा एक. मी कॅमेरा खाली केला आणि ऐकत राहिलो. मग हळूच विचारलं, “आणि गेले तर?”

“तर समोर भिंत,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली सरकला.

संध्याकाळी मी आणि सूनबाई स्टँडमध्ये आलो. जागा पहिल्या वळणाच्या तोंडाशी आणि वरच्या रांगेत होती. मुलानं मुद्दाम तशी घेतली होती, कारण खालच्या रांगांतून मधली तारेची जाळी प्रत्येक फोटोत येते. सूनबाईनं भाड्यानं आणलेला हेडफोन माझ्या कानावर चढवला. त्यावर चालक आणि त्याच्या संघाचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येतं. प्रेक्षकांनी चोरून ऐकायची ही उघड सोय मला फार आवडली.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्या पंधरा मिनिटांत बत्तीस वर्षांची अक्कल बाहेर पडली. आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येत होता. मी सवयीनं 1/1000 शटर ठेवलं होतं. फोटो लख्ख आले, पण गाड्या रस्त्यात पार्क केल्यासारख्या! चाकं थिजलेली, वेग गायब. मल्लखांबाचा फोटो काढताना मुलगा वर जाऊन एका ठिकाणी क्षणभर थांबतो. त्या क्षणाची वाट बघायची एवढंच काम. इथं थांबणारा क्षणच नव्हता.

मग शटर 1/60 वर आणलं आणि ज्याला आम्ही पॅनिंग म्हणतो ते सुरू केलं. गाडी येताना दिसली की कॅमेरा तिच्याबरोबर कमरेतून फिरवायचा, फिरवता फिरवता बटण दाबायचं आणि दाबल्यावरही फिरवत राहायचं. गाडी स्पष्ट येते, मागचं जग पुसलं जातं. सांगायला सोपं, पण सदुसष्टाव्या वर्षी कंबर ऐकत नाही. शंभर फोटोंत दोन धड येत होते.

माझ्या डावीकडे एक स्थानिक आजोबा बसले होते. माझी कसरत बराच वेळ बघून त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि बोटानं चाकाकडे दाखवलं. अंधार पडला होता. ट्रक सरळ रस्ता संपवून वळणात शिरताना पुढच्या चाकाच्या भोकांमधून नारिंगी उजेड दिसत होता. ब्रेक दाबला की पेटायचा, सोडला की विझायचा. तीच डिस्क. दुपारी मला काळीकुट्ट, गार दाखवलेली.

त्यानंतर मी दुसरं काही टिपलं नाही. फक्त आमचा ट्रक आणि फक्त ते चाक. दर वीस सेकंदांनी एक संधी. ट्रक यायचा, मी फिरायचो, नारिंगी पेटायचं, फोटो हुकायचा. मधेच पिवळा झेंडा लागायचा, सगळे रांगेत हळू फिरायचे, मीही पाणी प्यायचो. पुन्हा हिरवा.

शेवटच्या तीसएक फेऱ्या राहिल्या असताना पुढे दोन ट्रक एकमेकांवर आदळले आणि धूर झाला. आमचा ट्रक मागून थेट त्यात येत होता. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. काढून बघायची हिंमत झाली नाही. पुढचं चाक पेटलं, ट्रकचं नाक खाली गेलं आणि तो धुराच्या अलीकडे आतल्या बाजूनं निसटला. हेडफोनमध्ये संघातला कुणीतरी विचारत होता, सगळं ठीक ना? मग चालकाचा धापा टाकणारा आवाज आला. त्याचं नीट कळलेलं एकच वाक्य मी मराठीत सांगतो: “पेडल अजून घट्ट आहे, ब्रेक उत्तम.”

मंडळी, या माणसाला मी कधी भेटलो नव्हतो. त्याचा जीव ज्यावर अवलंबून होता ते काम माझ्या मुलानं केलं होतं, आणि ते मी कोजागिरीला चारचौघांत सांगायला लाजत होतो. सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला. रबराचे कण फार उडतात तिथं.

शर्यत डॅनियल हेमरिकनं जिंकली. आमचा ट्रक अठरावा आला. त्यात कुणाला आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं, पण रात्री ट्रेलरपाशी संघाची माणसं हसत होती. गाडी शाबूत होती आणि लहान संघाला तेच परवडतं. मुलगा डिस्क उतरवून टॉर्चच्या उजेडात तडे शोधत होता. मी म्हणालो, “मी ऐकलं, ब्रेक उत्तम म्हणाला.” तो म्हणाला, “हं.” एवढंच. पण मान वर करून म्हणाला.

शनिवारी तो सामान घेऊन कार्यशाळेत परतला आणि सूनबाईनं मला पूर्वेला तीसएक मैलांवर डॅनव्हिलला नेलं. या गावचे वेंडेल स्कॉट हे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय चालक. इथं एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. 1 डिसेंबर 1963 ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला ते जिंकले, पण त्या दिवशी विजेता म्हणून नाव दुसऱ्याचं पुकारलं गेलं आणि करंडकही त्यालाच दिला. मागून हिशोब तपासून स्कॉट यांचा विजय मान्य झाला. मात्र त्या शर्यतीचा करंडक त्यांच्या कुटुंबाच्या हाती पडला तो 2021 मध्ये, ते जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. गाडीची दुरुस्ती ते स्वतः करत आणि मदतीला त्यांचे मुलगे असत. विजेत्याच्या जागी उभं राहिल्याचा त्या दिवसाचा फोटो त्यांच्या वाट्याला आला नाही, हे फोटोग्राफर म्हणून मला फार लागलं. योग्य वेळी माणसाकडे न बघणं ही चूक नंतर भरून निघते, पण पुरती नाही.

संध्याकाळी परत रिंगणावर आलो. शनिवारच्या शर्यतीत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर पुढच्यांची आपसांत धडक झाली आणि मागून आलेला ऑस्टिन हिल जिंकून गेला. स्टँडमध्ये जो ओरडा झाला त्याचेच मी फोटो काढले. कॅमेरा रिंगणाकडे पाठ करून धरला तर इथं फार चेहरे सापडतात.

रविवारी मुख्य शर्यत, चारशे फेऱ्यांची. या दिवशी मुलगा सुट्टीवर, माझ्या शेजारी. पलीकडे पुन्हा तेच आजोबा, कारण त्यांची ती जागा वर्षानुवर्षांची. त्यांनी मला इथला प्रसिद्ध हॉट डॉग खायला लावला. गुलाबीसर लाल सॉसेज, वर मोहरीची चटणी, कांदा, कोबी आणि खिमा, मेणकागदात गुंडाळलेला, दोन डॉलरला. मी शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर त्यांनी स्वतः जाऊन नुसता पाव, कांदा आणि कोबी आणून दिला. विकणारीनं त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल कोण जाणे. मी बदल्यात लीलो चेवडो दिला. तो त्यांना इतका आवडला की डबा परत आला नाही.

आजोबा पूर्वी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. हा सगळा परिसर एकेकाळी लाकडी फर्निचर आणि कापडाच्या गिरण्यांचा. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. राहिलं हे रिंगण आणि त्याचं बक्षीस. 1964 पासून इथं विजेत्याला करंडकाऐवजी माणसाहून उंच, लंबकाचं लाकडी घड्याळ देतात. इथल्या कारागिरीची ओळख म्हणून क्ले अर्ल्स यांनीच ती प्रथा पाडली. मी आजोबांना माझ्या स्टुडिओबद्दल सांगितलं. “मुलानं पुढं चालवला नाही?” त्यांनी विचारलं. मुलगा शेजारीच होता. मी म्हणालो, “नाही. तो ब्रेक करतो. परवा चारशे वेळा लागले, एकदाही गेले नाहीत.” आजोबांनी वाकून माझ्यापलीकडे हात पुढं केला आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मुलगा लाजला. पाचवीत बक्षीस घेताना लाजायचा तसाच.

त्या दिवशी डेनी हॅमलिन जिंकला, या रिंगणावर सहाव्यांदा. म्हणजे घरी सहावं घड्याळ. सहा घड्याळांची किल्ली कोण देतं, असा प्रश्न सौ.नं नंतर विचारला आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

कुणी जाणार असाल तर थोडं अनुभवाचं: कानांचे बोळे विसरू नका, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कान पूर्ण झाकणारे हेडफोनच घ्या. जागा वरच्या रांगेत घ्या. लेन्सवर हूड लावा, कारण टायरच्या रबराचे काळे कण अंगावर आणि काचेवर येत राहतात. शटर हळू ठेवा आणि वाया जाणाऱ्या फोटोंचं वाईट वाटून घेऊ नका.

माझे तीन दिवसांचे अकराशे चाळीस फोटो झाले. बघण्यासारखे चौदा. त्यातला एक मोठा करून बडोद्याच्या घरी बैठकीत लावला आहे. शास्त्रानं बघितलं तर तो चुकलेला आहे. ट्रकचा आकडा पुसट, मागची माणसं नुसत्या रेघा. फक्त चाक बऱ्यापैकी स्थिर आलंय, आणि हळू शटरमुळे त्याची भोकं एकमेकांत मिसळून नारिंगी उजेडाचं एक अखंड कडं झालंय.

यंदाच्या कोजागिरीला चारपाच जण घरी आले होते. एकानं विचारलं, हे काय, ग्रहण का? मी दुधाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, “नाही, आमच्या मुलाचं काम आहे. बसा, सांगतो.”